वीस मिनिटं

दिवसभर कॉल सेंटरमध्ये लोकांच्या तक्रारी ऐकून सूनबाईचे कान किटून जात. घरी आल्यावरही चार माणसांचे चार मोबाईल एकदम बोलत असत. म्हणून रोज संध्याकाळी ती आपला फोन उशीखाली सारायची आणि "कचरा टाकून येते" म्हणून गच्चीच्या जिन्यात वीस मिनिटं गुपचूप बसायची.

परवा खालून पावलं वाजली. बघते तर सासूबाई!

"कचरा टाकायला इतका वेळ लागतो होय गं?"

तिची पाचावर धारण बसली. संपली म्हणायची ही वीस मिनिटंही!

"आई, ते... घरात जरा..."

सासूबाई गुडघ्यांवर हात टेकत तिच्याच पायरीवर बसल्या.



"सरक जरा तिकडे. घरी सांगून आलेय, दूध आणायला जाते म्हणून."