गेल्या उन्हाळ्यातलं वळण

धुकं दाटलं की दुधाच्या टँकरची समोरची काच गेल्या उन्हाळ्यात टिपलेला रस्ता दाखवायची, लख्ख उन्हातला. त्याच्याच आधारे दत्ताराम घाट उतरायचा. आज शेजारी तपासणीला आलेल्या केळसकर मॅडम बसल्या होत्या.

काचेत तिसऱ्या वळणावर कठड्याला टेकून, हातात डबा घेऊन एक बाई उभी दिसली. दत्तारामने वेग अगदी कमी केला.

"नोंदीत दिसतंय, दर धुक्यात इथेच का रेंगाळता?" मॅडमनी विचारलं. "चित्रातली माणसं आता तिथे नसतात, माहितीये ना?"

"माहितीये. ती आमची मंडळी. डबा द्यायला यायची. श्रावणात गेली."

मॅडमनी काचेतल्या त्या बाईकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बाकी चित्र बरोबर आहे ना? सोमवारपासून नवे ड्रायव्हर येतायत."

बायकोच्या पाठीमागचा तो कठडा यंदाच्या पावसात दरीत गेला होता. जुन्या ड्रायव्हरांना ते पाठ होतं आणि दत्तारामसाठी कुणीच तोंड उघडलं नव्हतं.

"कठडा राहिला नाहीये, मॅडम," तो म्हणाला. "चित्र बदलून घ्या."

वळण मागे पडेपर्यंत त्याने दुसरा गियर टाकला नाही.