बोललेलं कुठे जातं

आपला जुना फोन आणि नवा फोन शेजारी शेजारी ठेवून तो जेवणाच्या टेबलाशी बसला होता. उरलेल्या टेबलावर बायकोने गडद निळं कोटाचं कापड पसरलं होतं आणि ती खडूने बाहीचा आकार आखत होती. दुपार अशी की पडदासुद्धा हलायला कंटाळला होता.

जुन्या फोनची बॅटरी फुगली होती, मागचं झाकण वर आलं होतं. तो बंद पडायच्या आत त्यातले सगळे मेसेज काढून घ्यायचे, असं नवऱ्याने सकाळपासून डोक्यात घेतलं होतं. मोजणीच्या ऑफिसात तो जुन्या, विरत चाललेल्या नकाशांच्या नकला करायचा. मूळ कागद जाण्याआधी नक्कल झाली पाहिजे, हे त्याच्या अंगात मुरलेलं. आणि हे तर तिचं बोलणं होतं. दोन वर्षांपूर्वी घशाच्या ऑपरेशनमध्ये तिचा आवाज गेला, तेव्हापासून ती त्याच्याशी मेसेज पाठवूनच बोलायची. एका घरात, पुष्कळदा एकाच खोलीत. ‘चहा टाकू का’पासून ‘तुझ्या बहिणीचं मला पटलं नाही’पर्यंत सगळं.

बॅकअपची रेघ गोगलगाईसारखी सरकत होती. त्या रेघेकडे बघता बघता त्याचा डोळा लागला.

झोपेत घर पूर्वीसारखं वाजत होतं. ती आतून काहीतरी सांगत होती, भांडी विसळताना सांगायची तसं, नळाच्या धारेत अर्धंमुर्धं बुडालेलं. शब्द काही कळत नव्हते. तो नुसता हं हं करत होता, आणि तेवढ्याने तिचं भागत होतं. मान कलंडली तसा तो जागा झाला. नळ बंद होता. रेघ भरली होती. जुन्या फोनचा पडदा काळा झाला होता आणि बटण दाबून धरलं तरी उजळेना.

नवा फोन विचारत होता, जुने मेसेज परत आणायचे का. त्याने बोट पुढे केलं. तिने वरून त्याचा हात धरला.

तिचा फोन आत चार्जिंगला होता. तिने खडू उचलला आणि निळ्या कापडावर लिहिलं, ‘नको.’

त्याला वाटलं, नवा फोन भरून जाईल म्हणून ती घाबरते आहे. त्याने समजावलं की तसं काही होत नाही, थोडा वेळ लागतो इतकंच, मग अगदी दवाखान्यातल्या पहिल्या ‘पाणी’पासूनचा शब्द न् शब्द परत येतो. तिने तळहाताने खडू पुसला. ‘म्हणूनच नको.’

तेही पुसून तिने पुन्हा लिहिलं.

‘तुझं बोललेलं कुठे आहे?’

त्याने खरोखरच खोलीभर नजर फिरवली. दोन वर्षांत तो इथे काय काय बोलला होता. रागाच्या भरात दोनदा तर असं, की आठवलं तरी मान खाली जावी. सगळं हवेत विरून गेलं होतं. तिचं मात्र त्याच्या फोनात तारीखवार जागच्या जागी होतं; स्वतःच्या फोनातलं ती रोजच्या रोज पुसून टाकायची. गेल्या महिन्यातल्या भांडणात त्याने बोटाने मागे मागे जात तिचंच वर्षापूर्वीचं वाक्य तिच्यापुढे धरलं होतं, बघ, तूच म्हणाली होतीस. तिने फोन पालथा ठेवला होता आणि दिवस मावळेपर्यंत अबोला धरला होता. आपण जिंकलो, असं त्याला तेव्हा वाटलं होतं.

मग त्याने आजवर न सांगितलेलं सांगितलं. ती तिच्या बहिणीकडे राहायला गेली की तो आडवा पडून तिचे मेसेज पहिल्यापासून वाचायचा. नाहीतर घर खायला उठायचं.

“हे गेलं तर तू काय काय बोललीस ते मला आठवणार कसं?”

तिने कापड पुसलं. ‘विसर. पूर्वी विसरायचास तसं.’

त्याला हसू आलं. खरंच होतं ते. आवाज होता तेव्हा तिचं बोलणं त्याच्या या कानातून शिरून त्या कानातून बाहेर जायचं. हसू आपोआप ओसरलं. एक तरी ठेवू का, त्याने विचारलं, नुसता तो ‘पाणी’. ती बराच वेळ बोटांत खडू फिरवत राहिली. मग तिने मान हलवली, नाही म्हणून. पण तिचा हात त्याच्या मनगटावर आला आणि तो बॅकअप पुसेपर्यंत तिथेच राहिला. फोनने दोनदा विचारलं, नक्की ना. दोन्ही वेळा त्याने हो केलं.

आता काहीतरी कोसळेल, म्हणून तो थांबला. काही कोसळलं नाही. कापडभर पांढरी भुकटी पसरली होती आणि तीत दोघांचे हात माखले होते.

संध्याकाळी तो खाली निघाला, तेव्हा नव्या फोनवर तिचा मेसेज आला. कोटासाठी दोऱ्याचं रीळ आणायचं होतं, रंगही लिहिला होता. त्याने वाचला. तिने त्याच्या हातातून फोन घेऊन मेसेज पुसला, मग स्वतःच्या फोनवरचाही पुसला, आणि त्याला दाराबाहेर ढकललं.

रस्त्यावर ऊन कलतं झालं होतं. माणसं आपापल्या लांब सावल्यांमागून सावकाश चालली होती, तोही चालला. दुकानातल्या बाईंनी रंग विचारला, तेव्हा त्याने क्षणभर डोळे मिटले, कान दिल्यासारखे, आणि ठामपणे सांगितला.

घरी तिने पुडी सोडली. आत हिरवं रीळ होतं. तिने निळ्या कापडाचं टोक त्याच्यापुढे धरलं. मग मेसेज दाखवायला म्हणून फोन उघडला. तिथे काहीच नव्हतं. तिचे खांदे हलायला लागले, ती हसत होती.

चपला न काढताच तो दारात उभा राहिला.

“हिरवाच म्हणालीस तू,” तो म्हणाला. “मी माझ्या कानांनी ऐकलंय.”