एकशे बारावा फॉर्म

"फॉर्मवर नाव नसलं, तरी त्याच्यामागं एक जीव असतो गं," पहिल्याच तासाला मॅडम म्हणाल्या होत्या. किती वर्षं ते वाक्य गाण्याच्या ओळीसारखं माझ्या मनात घोळत राहिलं.

पुढं त्यांच्याच हाताखाली मी प्रबंध लिहायला घेतला: अभ्यास आणि विद्यार्थ्यांचं मनःस्वास्थ्य. दोनशे मुलामुलींनी फॉर्म भरून दिले. नाव कुणालाही कळणार नाही, असा शब्द मी प्रत्येकाला दिला होता. बहुतेक सगळी मजेत होती. अपवाद फक्त एकशे बाराव्या फॉर्मचा. झोप लागते का? नाही. मनातलं घरी बोलता येतं का? नाही. खालीही सगळीकडे 'नाही'च.

"कुणीतरी टवाळकी केलेली दिसतेय," मॅडम हसल्या. "उगाच सगळी सरासरी खाली ओढतोय. काढून टाक."

"पण मॅडम, खरा असला तर?"

"अगं, इतकं वाईट कुणाचं असतं का? काढ म्हणते ना!"

मी काढला. प्रबंधाला पहिलं बक्षीस मिळालं.

त्याच आठवड्यात मॅडमची लेक, आमच्याच कॉलेजात शिकणारी, कुणाला न सांगता घर सोडून गेली. मी भेटायला गेले, तेव्हा मॅडम तिच्या टेबलापाशी बसून होत्या. माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "एका शब्दानं तरी सांगायचं होतं गं तिनं!"

 

दिलेला शब्द मी तेव्हा मोडला. "सांगितलं होतं, मॅडम. एकशे बारावा फॉर्म तिनंच माझ्या हातात दिला होता."