डॅरेलनं जिंकलेली केस

मोंटाना राज्यानं अठरा वर्षांखालच्या मुलांच्या लिंगबदलाच्या उपचारांवर बंदी आणली, तेव्हा डॅरेलची लेक टेसा चौदा वर्षांची होती आणि तिची औषधं नुकतीच सुरू झाली होती. ती थांबू नयेत म्हणून त्याची बायको लिनेट लेकीला घेऊन मिनेसोटाला आपल्या बहिणीकडे गेली आणि डॅरेलनं राज्यावर केस ठोकली. "तुमचं राहतं घर इथं असेल तरच केस टिकेल," असं त्याच्या वकीलबाई म्हणाल्या, म्हणून तो मोंटानातल्या आपल्या गावी, ग्लेनडाइव्हमध्ये, एकटाच मागे राहिला.

दोन वर्षं गेली. चर्चमध्ये त्याच्या बाकावर कुणी बसेनासं झालं. शेजारचा ऑर्विल तर तोंडावर म्हणाला, "चांगला मुलगा होता तुला. काय करून ठेवलंस त्याचं?" घरी येऊन डॅरेलनं टेसाची खोली पिवळ्या रंगानं रंगवायला घेतली.

मंगळवारी दुपारी वकीलबाईंचा फोन आला. कोर्टानं बंदी रद्द केली होती. त्यानं लगेच टेसाला फोन लावला.

"जिंकलो गं पोरी! सांग, कधी येऊ तुला न्यायला?"

"डॅड, माझी शाळा, मैत्रिणी, सगळं आता इथंच आहे रे..."

मग टेसाच पुढे म्हणाली, "पण बरं झालं ना? तिथल्या बाकीच्या मुलांना तरी आता घर सोडून जावं लागणार नाही."