पोसिडोनियाचा सण

“काकू, आजचा क्लास शेवटचा करू या,” प्रबोध म्हणाला. “चारच मुलं उरलीत. पुढे सहावीची पीएसएलई परीक्षा, ट्यूशन. शाळेत सगळ्यांनी हिंदी घेतलीय. आणि मराठीचं काय, गणपतीत आपण सगळे भेटतोच की.”

सिंगापूरच्या यिशुनमधल्या त्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, सरोजिनीबाई दर रविवारी मुलांना मराठी शिकवत. प्रबोध बँकेत होता. क्लासची व्यवस्था तोच बघायचा. त्याची मुलगी क्षिप्राही इथेच शिकत होती.

“बरं. आजचा तास तर पुरा करू दे. तूही बस.”

प्रबोध दगडी स्टुलावर बसला आणि क्लास बंद होत असल्याचा एसएमएस पालकांसाठी टाइप करू लागला.

सरोजिनीबाईंनी पुस्तक मिटलं. “आज एका गावाची खरी गोष्ट. फार पूर्वी काही ग्रीक माणसं जहाजांतून इटलीच्या किनाऱ्यावर उतरली. तिथे त्यांनी पोसिडोनिया वसवलं. समुद्रदेवाच्या नावाचं. मोठमोठी देवळं बांधली. ती अजून उभी आहेत.”

“जॉबसाठी आले? आमच्या बाबांसारखे?” सौमित्रने विचारलं.

“जमीन, व्यापार. तसंच म्हण. छान चाललं होतं त्यांचं. मग शेजारच्या लोकांचं राज्य आलं. मुलं त्या लोकांची भाषा बोलू लागली. नातवंडांना तर तीच आपली वाटली. ग्रीक भाषा विसरली गेली. एक सण तेवढा राहिला. वर्षातून एकदा सगळे जमायचे, जुनी नावं, जुने शब्द आठवायचे, रडायचे आणि आपापल्या घरी जायचे. जुन्या ग्रंथात तसं लिहून ठेवलंय.”

“सो सॅड, लाह!” क्षिप्रा म्हणाली.

“मराठीत.”

“खूप वाईट वाटलं, आजी.” तिने कपाळाला आठी घातली. “पण वर्षातून एकदाच का? त्यांचा रविवारचा क्लास कुणी बंद केला?”

“युअर डॅडी, लाह!” सौमित्र म्हणाला. मुलं खिदळली.

क्षिप्रा हसली नाही. ती बाबांकडे वळली. तिला खरंच उत्तर हवं होतं.

प्रबोधचा अंगठा फोनवर थांबला होता. सरोजिनीबाईंनी त्याला मुळीच घाई केली नाही. मुलांनी उत्तर शोधायला वेळ घेतला, की त्या अशाच थांबत.

“ते ना,” प्रबोध लेकीला म्हणाला, “पुढच्या रविवारी इथेच सांगतो.”