लाल ठिगळ

“डोळ्यांपुढे काजवे चमकतात का?” टीव्हीतल्या डॉक्टरांनी विचारले.

गावच्या आरोग्य केंद्रात तपासणीच्या टेबलावर पडलेल्या सुनेने मान हलवली. सातवा महिना होता. पाय सुजून खांबासारखे झाले होते आणि डोके सकाळपासून ठणकत होते. नर्सने रक्तदाब सांगितला, तशी डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली.

“इंजेक्शन लगेच द्यायला हवं. झटके आले तर आई आणि बाळ, दोघांच्याही जिवाला धोका आहे.”

“मग द्या की!” सासूबाई म्हणाल्या.

“नर्सला एकटीला देता येत नाही, मावशी. डॉक्टर शेजारी उभा लागतो. मी इथे शहरात बसलोय. जिल्ह्याला न्या.”

जिल्ह्याचे रुग्णालय चार तासांवर होते. झटका चार तास थांबेल, असे मात्र डॉक्टर म्हणाले नाहीत.

“लोक डॉक्टरला दाखवतात,” सासूबाई उसळल्या, “आणि आम्हाला डॉक्टर दाखवतात!”

त्यांच्या जिभेला अख्खा गाव वचकून असे. सकाळी त्या बाहेर रांगेत बसल्या होत्या, तेव्हा नर्स झाकलेला डबा घेऊन केंद्रामागच्या औषधांच्या कोठाराकडे गेली होती. “औषधांनाही भूक लागते वाटतं!” त्या मोठ्याने म्हणाल्या होत्या. सगळी रांग हसली होती. नर्स हसली नव्हती.

“काजव्यांशिवाय आणखी काही दिसतं?” डॉक्टरांनी विचारले.

सुनेने डोळे ताणले. “आमचा टेम्पो दिसतोय.”

“कुठे?”

“तुमच्या मागे. खिडकीत. पडदा उडाला तेव्हा.”

डॉक्टरांनी मागे वळूनही पाहिले नाही. “सिस्टर, पेशंटला भास व्हायला लागलेत. ताबडतोब हलवा.” त्यांनी कानातली वायर काढून टेबलावर टाकली.

टेम्पो सुनेच्या नवऱ्याचा होता. दोघींना फाटकाशी उतरवून तो थांबला, तर रखवालदाराने त्याला इमारतीमागे सावलीत पिटाळले होते. तो टेम्पो शहरातल्या खिडकीत दिसतो, म्हणजे आपले डोकेच फिरले, असे तिला वाटले. तिने डोळे घट्ट मिटून घेतले.

सासूबाईंनी मिटले नाहीत. त्या टीव्हीला नाक लावून उभ्या राहिल्या. पंख्याच्या वाऱ्याने डॉक्टरांमागचा पडदा पुन्हा उडाला. हिरवी ताडपत्री दिसली. तिच्यावर लाल ठिगळ होते. परवा तेच शिवताना त्यांच्या बोटात दाभण घुसले होते.

“सिस्टर,” सासूबाई अगदी हळू म्हणाल्या. त्या हळू कधीच बोलत नसत. “तुमच्या कोठाराला खिडकी आहे?”

नर्सची मान खाली गेली. “गर्दी, रडारड साहेबांना सोसत नाही, मावशी. टीव्हीवरून बरं पडतं म्हणतात. मी काय करू? माझी नोकरी आहे.”

सासूबाई तरातरा बाहेर पडल्या. त्यांच्या चपला टेबलाखालीच राहिल्या.

सुनेने डोळे उघडले. टीव्ही चालूच होता. त्यात डॉक्टर सकाळचा तोच डबा उघडत होते. पहिला घास तोंडाशी जातो न जातो, तोच त्यांच्यामागचे दार धाडकन उघडले आणि टीव्हीत सासूबाई आल्या. त्यांनी घासासकट डॉक्टरांचे मनगट धरले.

“उठा! तुमच्या शहरात अनवाणी आलेय मी. चला, माझ्या सुनेला भास होतायत.”