अश्दोदवरच्या घिरट्या

शुक्रवारी सूर्य मावळता मावळता इझिकेलचं विमान नव्या पनवेलच्या फ्लॅटमधून इस्रायलमधल्या अश्दोदवर पोहोचलं. एरवी ते दुपारीच उतरायचं. पण कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या सिम्युलेटरला नवं अपडेट आलं आणि थ्रॉटलचा दांडा पुढे ढकलला की इंजिन बंद पडू लागलं. सगळी जुळणी पुन्हा करण्यात त्याची सकाळ गेली.

डॉक्टरांनी रेचलला खऱ्या विमानात बसायला मनाई केल्यापासून दर शुक्रवारी तो बायकोला असंच लेकीच्या, इलानाच्या गावी नेत असे. तीही ठेवणीतली साडी नेसून शेजारच्या खुर्चीत बसे.

आज शब्बाथचे, ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाचे, दिवे लावून ती परत आली, तरी विमान आपलं ऑटोपायलटवर गावावर घिरट्या घालतंय.

"अहो, उतरवा की आता."

"कसं उतरवू? शब्बाथ लागला. उद्या तारे दिसेपर्यंत बटणाला हात लावता यायचा नाही. चुकलंच माझं."

"मग बंदही नाही करता येणार?"

"नाही."

रेचल पडद्याकडे झुकली. खाली काळा समुद्र होता आणि किनाऱ्याला दिव्यांच्या रांगा.

"दर वेळी चाकं टेकली, की तुम्ही लगेच मशीन बंद करता," ती हळूच म्हणाली. "की मी आपली पुन्हा पनवेलात."

शनिवारी उजाडलं तेव्हा विमान अश्दोदवरच होतं. इंधनाचा काटा लाल रेषेला टेकला होता. रेचल खुर्चीत गाढ झोपली होती, आणि इझिकेल दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता.